तळ्याकाठचं शहराचं मैदान : हार्डिंग पार्कची शंभर वर्षं

सॅन फ्रान्सिस्कोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, समुद्रापासून मैलभराच्या आत, लेक मर्सेड नावाचं गोड्या पाण्याचं तळं आहे. त्याच्या आसपास चार गोल्फ मैदानं आहेत. ऑलिम्पिक क्लब, सॅन फ्रान्सिस्को गोल्फ क्लब आणि लेक मर्सेड गोल्फ क्लब ही तिन्ही खासगी. कुणा सभासदाचं बोट धरून गेल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. चौथं हार्डिंग पार्क. ते शहराच्या मालकीचं आहे. जो उद्यान विभाग मुलांचे झोपाळे दुरुस्त करतो आणि बागांतली हिरवळ कापतो, त्याच विभागाच्या ताब्यात हे अठरा होलचं मैदान आहे. १८ जुलै १९२५ रोजी ते लोकांना खुलं झालं आणि २०२५ साली त्याची शंभर वर्षं पूर्ण झाली. बे एरियातल्या, सुट्टीच्या दिवशी हाती क्लब धरणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचंही हे हक्काचं मैदान. म्हणून त्याची कहाणी या स्मरणिकेत यावी, असं ठरलं.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की एक तर जिमखाना-क्लब डोळ्यांपुढे येतो, नाही तर लष्कराची छावणी. महापालिकेचं गोल्फ मैदान ही कल्पनाच आपल्या पचनी पडत नाही. पालिकेचा दवाखाना, पालिकेची शाळा, पालिकेचा तरणतलाव इथवर ठीक, गोल्फ कशाला? अमेरिकेतही हा प्रश्न विचारला गेलाच आणि अजून विचारला जातो. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कात १८९५ साली देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान झालं आणि मग एकेका शहराने तो कित्ता गिरवला. सॅन फ्रान्सिस्कोने आधी लिंकन पार्कमध्ये मैदान केलं, तेही जुन्या दफनभूमीच्या जागेवर. पहिल्या महायुद्धानंतर खेळणाऱ्यांची संख्या वाढत गेली, लिंकन पार्क अपुरं पडू लागलं आणि शहराची नजर लेक मर्सेडकडे वळली.

या तळ्याची कीर्ती त्याआधी काही फारशी चांगली नव्हती. १३ सप्टेंबर १८५९ रोजी त्याच्या दक्षिणेला अमेरिकेचे सिनेटर डेव्हिड ब्रॉडरिक आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डेव्हिड टेरी यांच्यात पिस्तुलांचं द्वंद्व झालं. ब्रॉडरिकची गोळी चुकून आधीच सुटली आणि जमिनीत गेली. टेरीची गेली नाही. तीन दिवसांनी ब्रॉडरिक वारले. पुढे स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनीने या तळ्यातून शहराला पाणी पुरवलं. आजूबाजूला वाळूच्या टेकड्या, खुरटी झुडपं आणि उन्हाळाभर धुकं. शेतीला कुचकामी असलेली ही जमीन गोल्फला मात्र लाखमोलाची ठरली, कारण वाळूत पाणी साचत नाही. पावसाळी फेब्रुवारीतही चेंडू चिखलात रुतून बसत नाही, याचं श्रेय माळ्याच्या आधी या वाळूला द्यायला हवं.

आखणीचं काम विली वॉटसन आणि सॅम व्हायटिंग या दोघांकडे आलं. शेजारच्या ऑलिम्पिक क्लबची मैदानं आखण्यातही या जोडीचा हात होता. मला हार्डिंग पार्कच्या इतिहासातली ही फार मोलाची गोष्ट वाटते. श्रीमंतांच्या क्लबासाठी काम केलेल्या माणसांनाच शहराने बोलावलं आणि सार्वजनिक आहे म्हणून दुय्यम माल खपवून घेतला नाही. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्याचा त्यांनी असा उपयोग केला की शेवटचे पाच होल पाण्याच्या काठाकाठाने येतात. आधी आतल्या बाजूला झाडांमध्ये फिरायचं आणि हातपाय दमले, डोकं सुस्तावलं की मग वाऱ्यावर यायचं. हिशेब उतरत्या वेळेला चुकता करायला लावणारी ही आखणी आहे.

नावाची गोष्ट थोडी अवघड. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग अलास्काच्या दौऱ्यावरून परतताना सॅन फ्रान्सिस्कोत आले आणि २ ऑगस्ट १९२३ रोजी इथल्या पॅलेस हॉटेलात त्यांचं निधन झालं. गोल्फचं त्यांना भारी वेड होतं. शहराने हळहळून नव्या मैदानाला त्यांचं नाव दिलं. त्यांच्या कारकिर्दीतला टीपॉट डोम तेलभाडेपट्ट्यांचा घोटाळा पुढे पुरता उघड झाला आणि हार्डिंग यांची गणना देशाच्या सुमार राष्ट्राध्यक्षांत होऊ लागली. नाव मात्र राहिलं. पुढाऱ्याच्या निधनानंतर नामकरणाची घाई सगळ्या देशांत सारखीच दिसते.

आता झाडांविषयी. हार्डिंग पार्क म्हणताच इथल्या माणसाला मॉन्टेरी सायप्रस आठवतात. हे झाड जगात निसर्गतः फक्त दोन ठिकाणी उगवतं, इथून शंभरेक मैल दक्षिणेला मॉन्टेरीजवळच्या किनाऱ्यावर. सॅन फ्रान्सिस्कोतली सगळी सायप्रसची झाडं माणसांनी लावलेली. खारा वारा, वाळू आणि धुकं यांना ते दाद देत नाही, म्हणून शहराच्या पश्चिम अंगाला बागांमध्ये वारा अडवायला त्याची सर्रास लागवड झाली. शंभर वर्षांत हार्डिंगच्या फेअरवेंच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. जवळ जाऊन पाहिलं तर खोड राखाडी, पिळवटलेलं, खाली पडलेल्या टणक फळांचा सडा आणि वर डोक्यावर गच्च, सपाट छत. चेंडू त्या छतात शिरला की पुष्कळदा परत येतच नाही. आपण खाली उभे राहून मान वर करतो, सोबतचे तिघेही मान वर करतात, फांदीवरचा कावळा आपल्याकडे बघतो. नियमाने तीन मिनिटं शोधायची मुभा आहे. झाडावर दिसणारा चेंडू आपलाच आहे हे ओळखता आलं तर एक दंड घेऊन खाली नवा टाकता येतो. ओळखता आला नाही तर तो हरवलेला धरायचा आणि मागे जाऊन पुन्हा मारायचा. त्यामुळे इथले जुने खेळाडू चेंडूवर ठळक खुणा करतात आणि काही जण पिशवीत छोटी दुर्बीणही ठेवतात.

शिवाय हवा थंड आणि जड. जुलैत इथे स्वेटर घालून खेळावं लागतं. सॅन होजेच्या उन्हात जो फटका दीडशे यार्ड जातो, तो इथे धुक्यात दहा यार्ड आधीच दम टाकतो. पहिल्यांदा येणारे मित्र चार-पाच होल होईपर्यंत आपल्या हाताला दोष देत राहतात.

सार्वजनिक मैदानाची खरी ओळख पहिल्या टीवर पटते. एकटे आलात तर खिडकीतला स्टार्टर तुम्हाला रिकामी जागा असलेल्या कुठल्याही चमूत घालतो. मग चार-साडेचार तास ज्यांच्यासोबत काढायचे, ती माणसं तुम्ही निवडलेली नसतात. निवृत्त शिक्षिका, बसचालक, कंपनी विकून मोकळा झालेला तरुण, मुलाला शिकवायला आणलेला बाप. क्लबात हे घडत नाही. तिथे माणसं आधी गाळणीतून आलेली असतात.

याच गर्दीतून या मैदानाचा सगळ्यात मोठा खेळाडू आला. केन व्हेंच्युरीचा जन्म १९३१ चा, सॅन फ्रान्सिस्कोतलाच. वडील फ्रेड हार्डिंग पार्कच्या गोल्फ दुकानाचं काम पाहायचे. पोराला बोलताना अडखळायला व्हायचं, म्हणून त्याने एकट्याने खेळता येईल असा खेळ धरला. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की तो इथे मनातल्या मनात स्वतःशी मोठमोठे सामने खेळायचा आणि त्यांचं वर्णनही स्वतःच करायचा. तोच मुलगा पुढे अमेरिकन टेलिव्हिजनवर पस्तीस वर्षं गोल्फचा समालोचक झाला, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

शहराची हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा पहिल्या महायुद्धाच्या काळापासून चालत आली आहे. इथे तिला नुसतं 'सिटी' म्हणतात. फेब्रुवारी-मार्चच्या पावसात ती खेळली जाते. व्हेंच्युरीने ती तीनदा जिंकली. त्यातला १९५६ चा अंतिम सामना दंतकथा होऊन बसला आहे. समोर हार्वी वॉर्ड, म्हणजे त्या वेळचा अमेरिकेचा हौशी विजेता. दोघेही एडी लॉवरी यांच्या मोटारींच्या दुकानात विक्रेते. हे लॉवरी म्हणजे १९१३ च्या यूएस ओपनमध्ये फ्रान्सिस विमेटची पिशवी वाहणारा दहा वर्षांचा कॅडी, मोठेपणी कॅलिफोर्नियात धनाढ्य झालेला. एकाच मालकाचे दोन नोकर शहराच्या मैदानावर शहराचं अजिंक्यपद खेळत होते आणि ते पाहायला दहा हजारांच्या आसपास माणसं लोटली. दोरखंड नाहीत, स्टँड नाहीत. लोक खेळाडूंच्या पाठोपाठ फेअरवेवरून चालत होते. व्हेंच्युरी जिंकला. त्याच वर्षी मास्टर्समध्ये हा हौशी पोरगा तीन दिवस पुढे होता, शेवटच्या दिवशी ८० फटके घेऊन एका फटक्याने हरला. १९६४ ची यूएस ओपन त्याने वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर भर उकाड्यात, शुद्ध हरपायच्या बेतात असताना जिंकली. मग हातांच्या दुखण्याने त्याला गाठलं. व्यावसायिक टूरवरचा त्याचा शेवटचा विजय १९६६ चा, लकी इंटरनॅशनल स्पर्धेतला, आणि तो याच हार्डिंग पार्कवर.

ही लकी स्पर्धा एका बिअर कंपनीच्या पैशांवर चालायची आणि साठच्या दशकात तिने इथे मोठे खेळाडू आणले. गॅरी प्लेअर, जीन लिटलर, चि चि रॉड्रिगेझ, जॉर्ज आर्चर हे सगळे इथले विजेते. त्याआधी १९४४ साली, युद्ध चालू असताना, बायरन नेल्सनने इथे स्पर्धा जिंकली होती. क्लबाचे सभासद नसलेल्या खेळाडूंची राष्ट्रीय पब्लिक लिंक्स स्पर्धा १९३७ आणि १९५६ अशी दोनदा इथे झाली. १९६१ मध्ये मधल्या जागेत नऊ होलचं धाकटं मैदान झालं, त्याला जॅक फ्लेमिंग यांचं नाव मिळालं. आयर्लंडहून आलेले फ्लेमिंग हे अॅलिस्टर मॅकेन्झी या विख्यात आखणीकाराचे मुकादम. नंतर त्यांनी शहराच्या गोल्फ मैदानांची देखभाल वर्षानुवर्षं केली. म्हातारी माणसं, नवशिके आणि कामावरून सुटून दोन तास मिळालेले लोक फ्लेमिंगवर खेळतात. मोठ्या मैदानाचं कौतुक करताना या धाकट्याला विसरतात, म्हणून इथे मुद्दाम नोंद.

साठचं दशक सरता सरता टूर गेली आणि उतरण लागली. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तेरावा प्रस्ताव मंजूर करून मालमत्ता कराला लगाम घातला. राज्यभरच्या शहरांच्या तिजोऱ्या आटल्या. अशा वेळी कात्री आधी कुठे लागते हे पालिकेचा कारभार पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. अग्निशमन दल आणि गोल्फचं गवत यांत कोण जिंकणार? फेअरवेंवर तण माजलं, हिरवळीला टक्कल पडलं, पाण्याच्या नळ्या जागोजागी फुटल्या. लोक तरीही येत होते, कारण स्वस्त होतं आणि झाडं होती.

१९९८ साली शेजारच्या ऑलिम्पिक क्लबवर यूएस ओपन भरली. ली जॅन्झन जिंकला, पेन स्टीवर्ट हरला. प्रेक्षकांच्या मोटारी कुठे लावल्या? हार्डिंग पार्कच्या फेअरवेंवर. ज्या गवतावरून दहा हजार माणसं व्हेंच्युरीच्या मागे चालली होती, त्यावर मोटारींच्या रांगा लागल्या.

ही गोष्ट ज्यांना लागली त्यांत सँडी टेटम होते. पूर्ण नाव फ्रँक टेटम. पेशाने वकील, स्टॅनफर्डचे १९४२ चे राष्ट्रीय विद्यापीठ विजेते, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले आणि १९७८ पासून दोन वर्षं अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष. म्हणजे खासगी क्लबांचे सगळे दरवाजे त्यांना उघडे. पण त्यांनी स्वतः हार्डिंगवर सिटी खेळलेली होती. सत्तरी उलटल्यावर या गृहस्थाने नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. पीजीए टूरचे आयुक्त टिम फिंचेम यांना गळ घातली, महापौर विली ब्राउन यांना पटवलं, बोर्ड ऑफ सुपरवायझर्ससमोर जाऊन बसले. सौदा साधा होता : शहराने मैदान नीट करावं, टूरने मोठ्या स्पर्धा आणाव्यात, स्पर्धांच्या नावावर बाहेरगावचे लोक जास्त पैसे मोजून खेळायला येतील आणि त्यातून स्थानिकांची फी आटोक्यात राहील. गरीब वस्त्यांतल्या मुलांना शिकवणारा 'फर्स्ट टी' उपक्रमही त्यातच बसवला.

विरोध झाला आणि तो अगदी निराधार नव्हता. बागांसाठीचा पैसा गोल्फमध्ये का घालायचा, वस्तीतल्या मोडक्या क्रीडांगणांचं काय, हे प्रश्न रास्तच होते. सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरच्या नूतनीकरणासाठी मैदान बंद झालं. मूळ आखणी बहुतेक तशीच ठेवून लांबी वाढवली, ग्रीन आणि बंकर नव्याने केले, पाण्याची व्यवस्था बदलली. ऑगस्ट २००३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं, चालवायचं कंत्राट खासगी कंपनीकडे, मालकी शहराकडे. क्लबहाउसला टेटम यांचं नाव आहे. ते २०१७ मध्ये, ९६ व्या वर्षी गेले.

सौद्यातला टूरचा शब्द पाळला गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस स्पर्धेत टायगर वुड्स आणि जॉन डेली बरोबरीत आले. प्लेऑफच्या दुसऱ्या होलवर डेलीचा छोटासा पट हुकला आणि संपलं. २००९ मध्ये प्रेसिडेंट्स कप, अमेरिकेचा विजय. २०१५ मध्ये मॅच प्ले स्पर्धेत रोरी मॅकिलरॉय.

मग २०२०. पीजीए चॅम्पियनशिप मेमध्ये व्हायची होती, करोनामुळे ऑगस्टवर गेली आणि प्रेक्षकांविना झाली. शंभर वर्षांत या मैदानावर झालेली ही पहिली मेजर, आणि ती पाहायला शहरातलं कुणी नाही! शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर कॉलिन मोरिकावा आणि पॉल केसी उणे ११ वर बरोबरीत होते. तो होल त्या दिवशी २९४ यार्डांवर ठेवला होता, म्हणजे चार फटक्यांचा होल एका फटक्यात गाठायचं आमिष. मोरिकावाने ड्रायव्हर काढला. चेंडू ग्रीनच्या अलीकडे टप्पा घेऊन कपापासून सात फुटांवर थांबला. तो पट आत गेला, ईगल झाली आणि दोन फटक्यांच्या फरकाने तो जिंकला. वय २३. शिकायला पलीकडच्या बर्कलीला होता आणि विद्यार्थिदशेत इथे अनेकदा खेळून गेलेला. आमच्यातले बरेच जण आता सोळाव्याला ड्रायव्हरच काढतात. बहुतेक चेंडू सायप्रसच्या हवाली होतात.

सौद्याची दुसरी बाजू स्थानिक रोज अनुभवतात. शहराच्या रहिवाशाला सवलतीचा दर आहे, बाहेरच्याला कैक पटींनी जास्त. आमच्यातले फ्रीमाँट, कुपर्टिनोचे मित्र बाहेरचेच ठरतात आणि प्रत्येक वेळी पाकीट उघडताना कुरकुरतात. मोठी स्पर्धा असली की मैदान आधीचे काही दिवस बंद, आणि रफ इतका वाढवलेला की फ्लेमिंगवरचा म्हातारा मोठ्या मैदानाच्या वाटेला जात नाही. मला स्वतःला हा व्यवहार एकंदरीत शहराच्या फायद्याचा वाटतो. पार्किंगच्या जागेपेक्षा महाग मैदान बरं. पण रहिवाशांचा सवलतीचा दर दर अर्थसंकल्पात कुणीतरी भांडून टिकवावा लागतो, हे विसरून चालणार नाही. तो आपोआप टिकलेला नाही.

शंभरीनंतरचा वाद झाडांचाच असणार, अशी चिन्हं आहेत. मैदानाच्या सुरुवातीच्या काळात लावलेल्या सायप्रसचं वय झालं आहे. २०२३ च्या हिवाळी वादळांत शहराच्या बागांतली शेकडो झाडं आडवी झाली. शिवाय गवताला ऊन आणि वारा लागतो आणि दाट सावलीत ग्रीन कुजतो, म्हणून गवत सांभाळणाऱ्यांना झाडं विरळ हवी असतात. शेजारच्या ऑलिम्पिक क्लबने आपलं लेक मैदान गिल हॅन्सकडून नव्याने करून घेताना बरीच झाडं काढली. २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हा जुन्या सभासदांना ओळखू येईना. खासगी क्लबात असा निर्णय समिती घेते. हार्डिंगवर झाडाला हात लावायचा तर उद्यान विभाग, पक्षिप्रेमी, तळ्याभोवती सकाळी फिरणारे आणि आमच्यासारखे शनिवारी खेळणारे अशा सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं, सभा लांबतात, कामं रखडतात. पुढच्या शंभर वर्षांची सायप्रस लावायची तर ती आत्ताच लावायला हवीत, कारण चौदाव्या होलवरची भिंत उभी राहायला पन्नास वर्षं लागतात. उद्यान विभागाच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. बोलायचं असेल त्याने नाव नोंदवून दोन मिनिटं बोलावं, रहिवासी असो की फ्रीमाँटचा.